केळीच्या मळ्यावर राखणीसाठी केन कोर्सो घ्यावा का?

विहिरीवर बांधायला हवा असेल तर घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की रावेरकडे तुमची बाग आहे, रात्री मळ्यात कोणी राहत नाही, वर्षात दोनदा मोटारीची केबल गेली, म्हणून केन कोर्सोसारखं दुर्मिळ आणि दरारा असलेलं कुत्रं आणायचा विचार आहे. तो दिसतो कसा, स्वभाव कसा, रॉटवायलरपेक्षा बरा का. मी चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा. माझ्याकडे केन कोर्सो आहे, आणि तो असताना माझ्या विहिरीवरची केबल चोरीला गेली आहे. तरी त्याला कोणी निकामी म्हटलं की मला सहन होत नाही. उत्तर लांबेल.

आधी दिसणं. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या (एफसीआय) मानकाप्रमाणे नर खांद्याशी ६४ ते ६८ सेंटिमीटर, मादी ६० ते ६४. वजन नराचं ४५ ते ५० किलो, मादीचं ४० ते ४५. माझा भुऱ्या ४८ किलोचा आहे. व्हिडिओत सत्तर-ऐंशी किलोचे ‘कोर्सो’ दाखवतात ते एकतर चरबीने फुगवलेले, नाहीतर दुसऱ्या मोठ्या जातीची मिसळ. खरा कोर्सो अंगाने भरलेला पण चपळ असतो, उंचीपेक्षा लांबीला थोडा जास्त. डोकं मोठं, नाकाड आखूड आणि चौकोनी, खालचा जबडा किंचित पुढे. रंग काळा, शिशासारखा राखाडी, फिक्या पिवळसरपासून तांबड्यापर्यंत, किंवा वाघासारखा पट्टेरी. पिवळ्या-तांबड्या आणि पट्टेरी कुत्र्याच्या तोंडावर काळा किंवा राखाडी मुखवटा असतो, तो डोळ्यांच्या वर जात नाही. केस आखूड, गाईच्या अंगावर असतात तसे दाट आणि चकचकीत. भुऱ्या शिशाच्या रंगाचा आहे, उन्हात निळसर दिसतो. कान कापलेलं पिल्लू घेऊ नका. भुऱ्याचे कान लोंबते आहेत, आणि केळीचा व्यापारी अजूनही गाडीतूनच हाक मारतो.

जात इटलीची, त्यातही दक्षिणेकडच्या पुलिया भागातल्या शेतवाड्यांवरची. गुरं हाकायची, रानडुकराची शिकार करायची, वाडा राखायचा, ही त्याची कामं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे शेती बदलली, यंत्रं आली, आणि आपल्याकडे ट्रॅक्टर आल्यावर बैलांचं झालं तेच या कुत्र्याचं झालं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले तेव्हा १९७०च्या दशकात काही लोकांनी खेड्यापाड्यातून शोधून ते गोळा केले, १९८३ साली तिथल्या मान्तोव्हा शहरात त्यांची संस्था निघाली, १९९४ मध्ये इटलीच्या श्वानसंस्थेने मान्यता दिली, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेने तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची. हे सगळं सांगतोय ते एका शब्दासाठी. ‘कोर्सो’ हा शब्द लॅटिन ‘कोहोर्स’वरून आला असं मानकातच लिहिलंय, आणि त्याचा अर्थ तिथे दिलाय शेतवाड्याच्या अंगणाचा राखणदार. अंगणाचा. दोन शेतं पलीकडच्या विहिरीचा नाही. हा शब्द मला आधी माहीत असता तर नानांना तोंडावर सांगितला असता.

नाना म्हणजे माझे थोरले भाऊ. वाटणी झाली तरी विहीर सामाईक आहे. ते गावात राहतात, आम्ही मळ्यात. भुऱ्या २०१७ मध्ये पुण्याच्या मित्राकडून आणला तेव्हाच नानांनी आकडा ऐकून कपाळाला हात लावला होता. साठ हजारात दुभती म्हैस येते, हे त्यांचं पहिलं वाक्य. वर त्याचा खुराक. हा दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरीवर आणि ताकावर वाढत नाही, त्याला रोज मांस किंवा अंडी लागतात, आणि नानांच्या हिशोबाने तो सालदारापेक्षा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यापेक्षा, महाग पडत होता.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट, २०१९ ची. मी चुलतभावाच्या साखरपुड्याला सुरतेला गेलो होतो. मळ्यात माय, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसपाळीची होती, म्हणजे रात्री लाइनीत करंट नाही, आणि चोरांना हे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं. रात्री विहिरीवरची आणि बोअरवरची मिळून तीनशे फूट तांब्याची केबल कापून नेली. बेचाळीस हजारांना खड्डा. विहीर घरापासून सातशे मीटरवर आहे, मध्ये आमची पिलबाग (केळीची, पिलांपासून धरलेली) आणि शेजाऱ्याचा कापूस.

मी पहाटे पाचच्या सुमारास पोहोचलो. तेव्हा केबलचं कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी पाऊस पडून गेलेला, नंतर उघडीप. आपली काळी माती कशी असते तुम्हाला सांगायला नको, त्यात उमटलेला पाय सकाळपर्यंत साच्यासारखा राहतो. मोटारसायकल लावली आणि बॅटरीच्या उजेडात घराभोवती भुऱ्याच्या पंजांची पायवाट पडलेली दिसली. ओट्यावरून गोठा, गोठ्यावरून पाण्याची टाकी, टाकीवरून मागचं दार, परत ओटा. एकावर एक इतके पंजे की वेगळे मोजता येईनात, चिखल तुडवून गुळगुळीत झालेला. मला वाटलं बिबट्या येऊन गेला. म्हणून ठशांचा माग काढत बागेकडे गेलो, आणि घरापासून चाळीस पावलांवर, केळीच्या दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात, चपलांचे ठसे सापडले. दोन माणसं. येताना पावलं लांब लांब टाकलेली. मग एका जागी दोघांच्याही टाचा खोल रुतलेल्या, एकाच जागी पाय हलवत बराच वेळ उभं राहिल्यासारख्या. तिथून परतीचे ठसे, फक्त चवड्यांचे, घसरलेले. एका ठिकाणी ठिबकची नळी पायात अडकून फिटिंगमधून निघालेली होती.

भुऱ्याचे पंजे चाळीस पावलांपर्यंत गेलेले नव्हते. तो ओट्यापासून पंधरा-वीस पावलांवर येऊन थांबला होता, तिथे चारही पंजे एका ठिकाणी स्वच्छ उमटले होते, पुढचे दोन जास्त खोल. तिथून तो मागे फिरून पुन्हा दाराशी गेला होता.

मायला विचारलं. ती म्हणाली, रात्री एकदाच आवाज आला, भुंकण्याचा नाही, लांबवर ट्रॅक्टर चालू असल्यासारखा. तिने उठून दाराला हात लावला तर फळी थरथरत होती, कारण तो दाराला पाठ लावून उभा होता आणि आवाज त्याच्या छातीतून येत होता. मग तो थांबला. दार उघडून का पाहिलं नाही, असं विचारल्यावर म्हणाली, “तो व्हता म्हणीसन मी निजनू.”

सात वाजता सालदार सांगत आला की केबल गेली. नानांना फोन केला. ते यायला अकरा वाजले, आणि त्या दिवशी नेमकी घडांची कटाई ठरलेली होती. तोवर वीस मजूर त्या पट्ट्यातून घड डोक्यावर घेऊन गेलेले, व्यापाऱ्याचा आयशर घराला वळसा घालून गेलेला. ठसे संपले. फोटो काढायला हवे होते, ते सुचलं नाही. नानांनी भुऱ्याकडे बोट दाखवून मजुरांसमोर विचारलं, “हाऊ कुत्रा काय कामना शे? ना भुकस, ना चावस.” तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला, चार माणसं बसली की हा विषय निघतो. नानांचं म्हणणं, साठ हजारांच्या कुत्र्यासमोरून बेचाळीस हजारांची केबल गेली. माझं म्हणणं, केबल त्याच्यासमोर नव्हतीच. त्याच्यासमोर माझी आई, बायको आणि पोरगी होत्या. दोन माणसं कापायची हत्यारं घेऊन घराच्या चाळीस पावलांवर आली होती, ती केबल घ्यायला आली नव्हती, केबल उलट दिशेला होती. ती का परत गेली, याचं उत्तर नानांनी आजपर्यंत दिलेलं नाही.

तुमच्या स्वभावाच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कोर्सो वस्तू राखत नाही, माणसं राखतो. उगाच भुंकत नाही. अनोळखी माणसाच्या अंगावर धावून जात नाही, त्याच्या आणि घरच्या माणसाच्या मध्ये येऊन उभा राहतो आणि बघतो. लाडीगोडी लावणाऱ्या पाहुण्याकडे ढुंकून पाहत नाही. घरात मात्र इतका चिकट की मुलगी शाळेतून येईपर्यंत फाटकाची जागा सोडत नाही. गोठ्यातल्या वासरांना त्याने कधी त्रास दिला नाही.

त्या चोरीनंतर नानांनी हट्टाने त्याला विहिरीवर बांधायला लावलं. माझी चूक की मी ऐकलं. चार रात्री. पहिल्या दोन रात्री जेवला नाही. तिसऱ्या रात्री सालदाराला जवळ येऊ देईना, ज्याच्या हातची भाकरी तो रोज खायचा. चौथ्या रात्री साखळीची कडी तोडून घरी आला, मानेला पट्ट्याने सोलून निघालेलं, आणि दाराशी येऊन पडला. कुत्रं दिवसा बांधावं, रात्री सोडावं, अर्धपोटी ठेवावं म्हणजे तिखट होतं, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. या जातीच्या बाबतीत हे साफ चूक आहे. एकटं बांधलेलं, उपाशी ठेवलेलं पन्नास किलोचं कुत्रं तिखट होत नाही, बिथरतं, आणि मग ते चोर आणि दूधवाला यांत फरक करत नाही. शिवाय तुमच्याकडेही सातपुडा जवळच आहे. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आयतं वाढलेलं ताट.

रॉटवायलर चांगला की हा, याचं माझं मत: दोन्ही चांगले, दोन्ही बिनमाणसाच्या मळ्यात वाया. कोर्सोला मात्र लहानपणी जास्त माणसं दाखवावी लागतात. पिल्लू दोन महिन्यांचं आल्यापासून चार महिन्यांचं होईपर्यंत रोज नवीन माणूस, नवीन आवाज. मी भुऱ्याला आठवडे बाजारात नेलं, कटाईच्या मजुरांत बसवलं, पावरा आदिवासी कामगारांच्या पोरांत सोडलं. सुटलं ते फक्त मोटारसायकलवरचं हेल्मेटधारी माणूस. वर्षाचा असताना त्याने वायरमनची बाही तोंडात धरून त्याला दहा मिनिटं उभं केलं होतं. दात लागला नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. पिल्लू घेताना त्याची आई बघा, हात लावू देते का ते बघा, आणि आई-बापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. खुब्याचा दोष या जातीत आहे, पापणी आत-बाहेर वळण्याचाही आहे. छाती खोल असल्याने जेवून लगेच पळवलं तर पोटाला पीळ बसून कुत्रं काही तासांत दगावतं, म्हणून दोन वेळा थोडं थोडं खायला आणि त्यानंतर तासभर आराम.

आपल्या उन्हाळ्याचंही बघा. नाकाड आखूड असल्याने धाप टाकून अंग थंड करणं त्याला लांब तोंडाच्या कुत्र्याइतकं जमत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा भुऱ्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मातीच्या घरातच असतो, ओल्या गोणपाटावर, कूलरसमोर. पत्र्याच्या शेडखाली त्या उन्हात तो दुपार काढू शकणार नाही. तुमच्या विहिरीवर पत्र्याची शेडच असणार.

कायद्याचं राहिलं. १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची विक्री, पैदास आणि पाळण्याचे परवाने थांबवायला सांगितलं, त्यात केन कोर्सोचं नाव होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द ठरवलं. तुमच्या हद्दीत आज काय नियम आहे ते पैसे मोजण्याआधी विचारा, आणि कागद करून ठेवा.

नानांच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांनी २०२० मध्ये विहिरीवर दोन गावठी पिल्लं आणून मोकळी सोडली, सालदाराला तिथे खोली बांधून दिली आणि केबल लोखंडी पाइपातून जमिनीत पुरली. त्यानंतर चोरी झाली नाही. गावठी कुत्री पान हललं तरी गाव गोळा करतात, आणि केबलसाठी तेच लागतं. तुम्हाला केबल वाचवायची असेल तर नानांची पद्धत बरोबर आहे, हे मी मान्य करतो. फक्त तेवढ्यावरून त्या रात्री भुऱ्याने काम केलं नाही असं सिद्ध होत नाही, आणि हे मी नानांना पुढच्या वेळी पुन्हा सांगणार आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेली नाही: पुढे-मागे कुटुंबातलं कोणी मळ्यात राहायला जाणार आहे का? जाणार असेल तर कळवा, पिल्लू बघायला मी सोबत येतो.