आईला डिमेन्शिया आहे, दिवसभर नुसती बसून असते आणि संध्याकाळी सारखी 'घरी जायचंय' म्हणते, समजावलं की भांडते. तिचे दिवस जरा बरे जावेत म्हणून काय करू?

पहिलं म्हणजे 'अगं हेच तर आपलं घर' हे समजावणं बंद करा, त्याने फक्त भांडण वाढतं. आमच्याकडे सासरे आहेत, लोअर परळला कापड मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे, १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच, त्या जागी आता टॉवर आहे. पण दुपारचे तीन वाजले की शर्ट घालून दुसऱ्या पाळीला निघतात. त्यांना संपाचं सांगायला गेलं तर माणूस रोज नव्याने बेकार होतो हो. म्हणून मी विचारते, आज जोडीला कोण आहे, डबा भरू का, मग ते तुटलेला धागा कसा जोडायचा ते दाखवायला लागतात, बोटं अजून बरोबर वळतात, तेवढ्यात चहा येतो आणि पाळी राहून जाते. नणंद म्हणते ही फसवणूक आहे. म्हणू दे, ती महिन्यातून एकदा येते.

'घरी जायचंय' याचा अर्थ बऱ्याचदा भूक लागलीय, लघवी लागलीय, दमले, भीती वाटतेय असा असतो. संध्याकाळी हे वाढतं त्याला डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात. अंधार पडायच्या आधीच ट्यूबलाइट लावा, दुपारची झोप कमी करा आणि बातम्यांचे चॅनल तर बंदच ठेवा, खून दरोडे आपल्याच घरात चाललेत असं वाटतं त्यांना.

आता दिवसभर बसण्याचं. आपणच प्रेमापोटी हातातली सगळी कामं काढून घेतो आणि मग म्हणतो आई काही करत नाही. काल काय जेवल्या ते विसरतील पण वर्षानुवर्षं केलेलं काम हाताला आठवतं. मेथीची जुडी पुढ्यात ठेवा, पहिल्या दोन काड्या तुम्ही निवडा, सूचना देत बसू नका, हात आपोआप चालू होतो. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली तरी गप्प बसायचं, नंतर किचनमध्ये जाऊन गुपचूप परत निवडायची. घड्या घातलेले टॉवेल सुद्धा उद्या परत विस्कटून द्या, काय बिघडतं? चष्मा आणि कानाच्या मशीनची बॅटरी मात्र चेक करत जा, ऐकू येत नाही म्हणून गप्प असलेलं माणूस आपल्याला आजाराने गप्प झाल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एक दोन दिवसात अचानक खूप बिघडलं, भास व्हायला लागले, तर डिमेन्शिया वाढला म्हणून बसून राहू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, कुठेतरी दुखणं, नवीन औषध, काहीही असू शकतं आणि त्यावर उपाय असतो. व्हिटॅमिन बी१२ आणि थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. झोपेची गोळी स्वतःहून वाढवू नका, पडायची भीती असते.

बिल्डिंगमध्ये लपवू नका हे तर मी हात जोडून सांगेन. वॉचमन, खालचा वाणी, इस्त्रीवाला, सगळ्यांना सांगून ठेवा आणि फोटो देऊन ठेवा, स्टेशन जवळ असेल तर जास्तच. गळ्यात नाव आणि तुमचा फोन नंबर असलेलं लॉकेट घाला. बाथरूमची आतली कडी काढून टाका.

एआरडीएसआय (अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया) ही डिमेन्शियाच्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी काम करणारी १९९२ पासूनची संस्था आहे, तिथे चौकशी करा. ज्येष्ठांसाठी सरकारची हेल्पलाइन १४५६७ आहे, फ्री आहे. आणि भाऊ बहीण असतील तर नुसतं 'कशी आहे आई' विचारणाऱ्यांना सरळ रविवारची दुपार नेमून द्या, तेवढ्या वेळात तुम्ही घरात थांबायचं नाही, थांबलात की आई तुम्हालाच हाक मारणार.