विद्यापीठातील कार्यक्रमांना पहिल्यांदा जाताना
सत्राच्या सुरुवातीला सूचनाफलकावरील प्रत्येक कार्यक्रमाला जाण्याचा मोह होतो. त्याऐवजी आठवड्याला एकच कार्यक्रम निवडावा आणि तो शक्यतो आपल्या विषयाबाहेरचा असावा, असे मी आग्रहाने सुचवेन. प्रवेश विनामूल्य असला तरी नावनोंदणी लागते का, हे आधी पाहावे. व्याख्यानाचे खरे मोल शेवटच्या प्रश्नोत्तरांत असते, म्हणून ऐकताना वहीच्या समासात एक प्रश्न लिहून ठेवावा. भर सभागृहात विचारण्याचे धैर्य झाले नाही, तरी वक्ते कागद आवरत असताना व्यासपीठापाशी जाऊन तो विचारता येतो, आणि माझ्या अनुभवात बहुतेक जण अशा वेळी अधिक मोकळेपणाने बोलतात. नाटक असेल, तर तालमीला बसू देतील का, हे आयोजकांना अवश्य विचारावे.