आधी ओटा विचार

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. आहारतज्ज्ञाच्या नोकरीचा प्रस्ताव आलाय, पगार बरा आहे, घरचे मागे लागलेत आणि शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायचंय, हे सगळं समजलं. पण या सगळ्याच्या मध्ये तू एक ओळ लिहिली आहेस आणि मला तेवढीच खरी काळजीची वाटली. "ताई, वरण-भात, पोळी-भाजी, कोशिंबीर आणि ताक एवढंच सांगायचं असेल तर लोक मला पैसे का देतील? हे तर त्यांना त्यांच्या आजीनंही सांगितलेलं असतं."

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे मी लिहीत बसत नाही. ते तुलाही ठाऊक आहे. या प्रश्नाचं मात्र सरळ उत्तर देते.

काय खावं हे लोकांना माहीत असतं गं. आपल्या इंदुरात रामबागेतल्या कुठल्याही काकूंना विचार. भाज्या भरपूर खाव्यात, तळकट कमी करावं, रात्री लवकर जेवावं, सगळं घडाघडा सांगतील. गाडी अडते ती त्यांच्या ओट्यापाशी. स्वयंपाक कोण करतं? कुणाच्या चवीनं होतो? पहिला घास कोण घेतं, शेवटी कोण बसतं? डबे किती वाजता भरतात? संध्याकाळी चहाबरोबर कोणता डबा उघडतो? हे कळल्याशिवाय तू कितीही अभ्यास करून तक्ता लिही, तो फ्रिजच्या दारावर चिकटतो आणि चार दिवसांनी त्याच्यावर दूधवाल्याचा हिशोब येतो. म्हणून तुला पहिल्यापासून सांगत आलेय, आधी ओटा विचार. रिपोर्ट हातात घे, नीट वाच, पण बोलायला सुरुवात ओट्यापासून कर.

एक उदाहरण देते. लोकमान्य नगरातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. साठीच्या, मधुमेह, गोळ्या चालू. तीन महिन्यांची सरासरी साखर काही केल्या उतरत नव्हती. "भात सोडलाय, पोळ्या दोनच खाते, गोड तर बंदच आहे," असं म्हणाल्या आणि खरंच बोलत होत्या. आधीच्या ठिकाणी त्यांना ओट्सचा, चिया बियांचा तक्ता मिळाला होता. तो त्यांनी आणून दाखवला, नीट घडी घालून जपून ठेवलेला. मी म्हटलं, काकू, तो राहू दे, काल सकाळी उठल्यापासून काय काय झालं ते सांगा. चहापासून सुरुवात झाली. दिवसाला चार कप, कपात दीड चमचा साखर. म्हणजे नुसत्या चहातून ३० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनं दिवसभराच्या साखरेची मर्यादाच २५ ग्रॅम सांगितली आहे. चहातली साखर त्यांच्या लेखी 'गोड' नव्हतीच, कारण ती तर रोजचीच. मग कळलं की काका सकाळी फिरून येताना पोहे-जिलेबी बांधून आणतात आणि "तुझ्यासाठी आणलंय" म्हटल्यावर त्यांना नको म्हणवत नाही. आणि स्वयंपाक करताना ओट्यावर शेवेचा डबा उघडाच असतो. फोडणी होईपर्यंत दोन बकाणे, कुकरची शिट्टी होईपर्यंत आणखी दोन. त्यांनी हाताचा खळगा करून दाखवला. माझ्यासमोर तो खळगा वाटीत रिकामा करायला लावला तेव्हा त्या स्वतःच गप्प झाल्या.

आता सांग, यात ओट्सनं काय होणार होतं?

मी त्यांना पोहे सोडायला सांगितले नाहीत. इंदुरात राहून पोहे सोडा म्हणणारा आहारतज्ज्ञ दुसऱ्यांदा फोन येण्याची वाट बघत बसतो. आपल्याकडे उसळ-पोहे मिळतात ना, तेच घरी उलट्या प्रमाणात करायचे. मोड आलेल्या मटकीची उसळ दोन वाट्या, त्यावर वाफवलेले पोहे एक वाटी, कांदा, कोथिंबीर, भरपूर लिंबू, चवीपुरता जीरावन मसाला आणि शेव चिमटीभर. काकांना एकदा सोबत बोलावलं, त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलले, आणि जिलेबी रविवारवर गेली. चहाची साखर एकदम तोडली नाही, दर पंधरवड्याला पाव पाव चमचा उतरवली. शेवेचा डबा ओट्यावरून वरच्या फडताळात गेला. औषधाबाबत त्यांच्या डॉक्टरांशी आधीच बोलून घेतलं, कारण गोळी तीच ठेवून खाणं बदललं की काही जणांची साखर धोकादायक रीतीनं खाली जाते. हे कधीही विसरू नकोस. आहार आपला, पण गोळीचा निर्णय डॉक्टरांचा.

हे सगळं वरण-भाताइतकंच साधं आहे, कबूल. पण आजीला हे सांगता आलं असतं का? आजी त्या घरातच राहते, तिला शेवेचा डबा दिसतच नाही. बाहेरचं, समजूतदार, घाई नसलेलं कुणीतरी विचारावं लागतं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा विचारावं लागतं. लोक त्याचे पैसे देतात.

तेलाचंही तसंच. "तेल कमी खा" हे वाक्य तू तोंडातून काढूच नकोस. त्याला काही अर्थ नाही, प्रत्येकाला आपण कमीच खातो असं वाटतं. महिन्याला तेल किती आणता आणि घरात जेवणारी माणसं किती, एवढंच विचार. चार माणसांना महिन्याला पाच लिटरची कॅन लागते असं उत्तर फार घरांत मिळतं. माणशी रोज ४१ मिली, वजनात साधारण ३८ ग्रॅम. त्याच मार्गदर्शिकेतलं दिवसभराचं दोन हजार कॅलरींचं ताट तेलाला २७ ग्रॅम देतं. कचोरी, शेव, सराफा बाजारातलं तळलेल्या कंदाचं गराडू हे बाहेरचं सगळं या हिशोबात आलेलंच नसतं. हा हिशोब त्या बाईंनाच कागदावर करू दे, पेन त्यांच्या हातात दे. पुढच्या महिन्यात कॅन चार लिटरवर आली की त्या आपणहून फोन करतात. मी हे घराघरांत पाहिलंय.

आणि बायकांना विचारताना एक प्रश्न कधीच गाळू नकोस: सगळे जेवून उठल्यावर पातेल्यात काय उरतं? कॉलेजात हा प्रश्न कुणी शिकवत नाही. "जेवणात डाळ असते का?" असं विचारलंस तर उत्तर "हो, रोज असते" हेच येणार. शिजते रोज, पण ती बसते तेव्हा आमटी संपलेली असते. ती उरलेल्या दोन पोळ्या लोणच्याशी खाते आणि वर लगेच चहा घेते. देशपातळीवरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्ताल्पता निघाली. लोहाच्या गोळ्या हव्यातच, पण गोळीबरोबर ही पातेल्याची गोष्टही सुटायला हवी. आमटी होताच तिची वाटी आधी काढून झाकून ठेवायची, आणि अन्नातलं लोह अंगी लागावं म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब न्यायचा, पालेभाजीवर लिंबू पिळायचं. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. पण ते सांगण्याआधी तिनं तुझ्यावर विश्वास ठेवून "माझ्या वाटेला आमटी येत नाही" हे म्हणायला हवं, आणि त्याला कधी कधी तिसरी भेट उजाडते. सासू सोबत बसलेली असेल तर चौथी. त्या भेटीपर्यंत थांबायची तयारी नसेल तर हे काम तुझं नाही, हे मी स्पष्ट लिहिते.

तू प्रोटीन पावडरचंही विचारलं आहेस. लोक मागतात, मग द्यायची का? अगं, आपण कुठे राहतो ते तरी बघ. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळाभर सोयाबीन उभं असतं, त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था इथे खंडवा रोडवर आहे, आणि आपण साठ किलो वजनाच्या, धडधाकट, बैठ्या कामाच्या माणसाला पावडरचा डबा लिहून द्यायचा? त्याची गरज किलोला ०.८३ ग्रॅम म्हणजे रोज ५० ग्रॅमच्या आसपास. सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅममागे ३५ ग्रॅमहून जास्त प्रथिनं. कच्चं दळू नये, त्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात. नीट उकळून, वाळवून, नऊ भाग गव्हाला एक भाग या हिशोबानं दळणात घालायचं. दाण्याचं कूट, हरभऱ्याची उसळ, दही, घट्ट वरण, चालत असेल तर अंडं, यातून बाकीचं जमतं. आजारातून उठलेल्याला, पोटात अन्न ठरत नसलेल्याला पावडर लागू शकते, तिथे ती जरूर दे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे सगळं गणित बदलतं, तिथे डॉक्टरांशिवाय एक चमचा डाळही वाढवू नकोस. आणि पावडरवर दलाली घेणार असशील तर मला ताई म्हणू नकोस.

रागावले, जाऊ दे. हा राग कुठून येतो ते सांगते.

तुला माहीत आहे, मी मधली काही वर्षं एका कंपनीत होते. नाव घेत नाही. फोनवर कार्यक्रम चालायचे. एकेका गटात शेकडो माणसं, सगळ्यांना सोमवारी सकाळी एकच तक्ता. काम वाईट माणसांचं नव्हतं, तक्तेही चुकीचे नव्हते. फक्त कुणाला काही विचारायची सोय नव्हती. तिथे एका बाईंनी लिहिलं होतं, "मॅडम, घरात सात माणसं आहेत, माझं वेगळं शिजवायला दुसरा गॅस नाही, काय करू?" नियमाप्रमाणे ठरलेल्या उत्तरांतलं एक उत्तर त्यांना गेलं: नियोजन करा, सातत्य ठेवा, तुम्ही करू शकता. त्या पुढच्या आठवड्यात कार्यक्रमातून गेल्या. मला त्यांचा चेहरा ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पण तो दुसरा गॅस अजून लागून राहिलाय. वेगळं शिजवायची गरजच नव्हती गं. सातही जणांच्या त्याच भाजीत, त्याच वरणात त्यांचं पथ्य बसवता आलं असतं. अर्धा तास समोर बसायला मिळायला हवं होतं, बस.

मी ती नोकरी सोडून घरच्या पुढच्या खोलीत पुन्हा दोन खुर्च्या मांडल्या तेव्हा लोक म्हणाले, बाई मागे आली. कुणी म्हणालं, तंत्रज्ञान जमलं नाही. जमत होतं. आजही वाटीचे फोटो फोनवर मागवते, परगावच्यांशी पडद्यावर बोलते, त्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की एका वेळी एक माणूस. कमाई घटली, हेही खरं. मुलाच्या शिक्षणाच्या वर्षांत ते जाणवलं, घरात बोलणं झालं. तरी मी तेच पुन्हा करीन. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासात देशात १०.१ कोटी मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर असल्याचं आलं. एवढ्यांना एकेक करून कशी भेटशील, असं तू म्हणशील. नाही भेटणार. मी माझ्या वाट्याच्यांना भेटते. त्या काकूंचा ओटा बदलला की त्या घरातल्या सुनेचा, नातवंडांचा आणि जिलेबी आणणाऱ्या काकांचाही बदलतो. कंपनीच्या आकड्यांत ही माणसं कुठे मोजली जातात?

आता फीचं. लाजत जाऊ नकोस. पहिली भेट पाऊण तासाची ठेव आणि फी आधीच सांग. त्यातच पुढच्या तीन भेटी धर, म्हणजे पैशासाठी माणूस मध्येच थांबणार नाही. ज्याला परवडत नाही त्याला कमी घे, पण वेळ कमी देऊ नकोस. बोलणी संपल्यावर दोनच बदल लिहून दे, तिसरा नको, आणि त्याच घरातल्या डब्यांतले. उपास करणारी असेल तर तो मोडायला सांगू नकोस. साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि काकडीची कोशिंबीर लिही. आणि लिहिण्याआधी काय करायचं? आता हे मी सांगणार नाही, तू मोठ्यानं म्हण.

राहिली नोकरी. घरी कर्जाचा हप्ता आहे हे मला माहीत आहे, म्हणून घेऊ नकोस असं म्हणणं मला शोभणार नाही. पण शुक्रवारी होकार देण्याआधी त्यांना दोन गोष्टी विचार आणि उत्तरं लेखी घे: एका माणसासाठी मला किती मिनिटं मिळतील, आणि तोच माणूस पुढच्या वेळी माझ्याकडेच येईल का? वीस मिनिटांच्या वर वेळ आणि दुसऱ्याचं 'हो' आलं तर घे, दोन वर्षं कर, हप्ता फेड, शिकून घे. तसं नसेल तर माझ्याकडे शनिवार-रविवार दुपारची खोली रिकामी असते. भाडं नको. पहिले चार जण मी पाठवते, त्यातल्या एक बाई फोनवरच म्हणाल्या आहेत की त्या काहीच खात नाहीत तरी वजन वाढतं. त्यांच्याशी तू बोलायचं, मी बाजूच्या खुर्चीत नुसती बसेन. उत्तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळव, म्हणजे त्यांना वेळ देता येईल.

तुझी,
ताई