कोर्दोबा एका दिवसात उरकतं का, की मुक्काम करावा?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात स्पेनमध्ये ग्रानादाला दोन आणि सेव्हिलला तीन रात्री ठरल्यात. सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, दोघंही शाकाहारी. कोर्दोबा सेव्हिलहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं करायचा विचार आहे. शिवाय ग्रानादाचा अल्हाम्ब्रा राजवाडा बघितल्यावर परत एक मशीद बघण्यात काय नवीन, ही शंका.

उरकतं. मी स्वतः उरकलंय, म्हणूनच सांगते की तसं करू नका. सेव्हिलची एक रात्र कापा आणि कोर्दोबाला द्या.

पहिल्यांदा मी जुलैत गेले होते, सेव्हिलहूनच. गाडीला पाऊण तास लागतो, म्हणून निवांत निघाले आणि अकराला पोचले. मेस्कितापाशी, म्हणजे तिथल्या त्या जुन्या मशिदीपाशी, येईपर्यंत छत्र्या उंच धरलेल्या गाइडांच्या मागे पन्नास-पन्नासांचे घोळके आत शिरत होते. दोन वाजता बाहेर आले तर ऊन चाळिशीच्या पुढे, गल्लीतली दुकानं बंद, आणि सिनेगॉगच्या, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या प्रार्थनाघराच्या, दाराला कुलूप. सोमवार होता! तिथं सोमवारी सिनेगॉग बंद, किल्ला बंद, शहराबाहेरचे मदीना असाहराचे अवशेषही बंद. चूक माझीच, वार बघितला नव्हता. एका कारंज्याच्या कठड्यावर बसून गाडीची वाट बघितली आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, कोर्दोबा ठीक आहे, फार काही नाही.

दुसऱ्यांदा ऑक्टोबरातच गेले, आई-बाबांना घेऊन, आणि एक रात्र राहिलो. तेव्हा माझं मत बदललं.

मेस्किताला सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो, आणि गाइडवाल्या गटांना त्या वेळेत सोडत नाहीत. (जायच्या आधी त्यांच्या साइटवर वेळ एकदा बघून घ्या, धार्मिक कार्यक्रम असला की बदलते.) ऑक्टोबराच्या मध्यावर तिथं साडेआठला नुकतं फटफटलेलं असतं. आम्ही आत गेलो तेव्हा थोडेसे दिवे आणि अंधार. डोळे सरावले तसे खांब एकेक करून पुढं यायला लागले. कुठल्याही बाजूला बघा, खांबामागे खांब आणि वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. साडेआठशेहून जास्त खांब आहेत. बाबा आयुष्यभर बांधकाम खात्यात होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कमानीवर परत कमान कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. ७८५ च्या सुमारास तिथला मुस्लिम राजा पहिल्या अब्द अल-रहमानने ही मशीद बांधायला घेतली तेव्हा खांब नवे घडवले नाहीत. रोमन आणि त्यानंतरच्या व्हिसिगॉथ राजांच्या काळातल्या इमारतींचे मिळतील तसे आणले. ते छपरासाठी बुटके होते. मग खालची कमान खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते आणि वरची छत पेलते, अशी युक्ती केली. लाल पट्टी विटेची, पांढरी दगडाची. नीट बघितलं तर दोन शेजारचे खांब सारखे नाहीत. एक करडा, एक गुलाबी. एकाला बैठक आहे, दुसरा थेट जमिनीत घुसलाय. वरची नक्षीदार टोपणंही वेगवेगळी. भंगारातून जमवलेल्या सामानाचं असं काही उभं राहू शकतं, यावर बाबा दिवसभर बोलत होते.

नंतरच्या राज्यकर्त्यांनी ती दोनशे वर्षांत वाढवत नेली. दुसऱ्या अल-हकमच्या काळातला, म्हणजे ९६० च्या दशकातला, मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, चुकवू नका. त्याच्या सोनेरी काचतुकड्यांसाठी बायझंटाइन सम्राटाने कारागीर आणि माल दोन्ही पाठवले होते. शेवटची वाढ वजीर अल-मन्सूरची, दहाव्या शतकाच्या अखेरीची. आकाराने मोठी, पण घाईची. तिथल्या कमानींतला लाल रंग विटेचा नाही, दगडावर रंगवलेला आहे. हे कळलं की उगाच शोधत बसावंसं वाटतं की खरं कुठं संपतं आणि रंगवलेलं कुठं सुरू होतं.

आणि मग मधोमध चर्च. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्दिनांदने शहर घेतलं आणि मशिदीचं कॅथेड्रल झालं. खरी तोडफोड मात्र १५२३ मध्ये सुरू झाली, खांबांच्या पोटात उंच, पांढरं, सोन्याने मढलेलं चर्च घुसवलं. गंमत म्हणजे विरोध शहराच्या ख्रिस्ती नगरमंडळानेच केला होता, कामावर जाणाऱ्या गवंड्यांना देहदंडाची धमकी देण्यापर्यंत. सम्राट पाचव्या चार्ल्सने बिशपची बाजू घेतली, आणि पुढं स्वतः बघायला आल्यावर पस्तावला, असं सांगतात. मला ते चर्च आवडत नाही. आईला आवडलं. तिचं म्हणणं, इतका वेळ बुटक्या अंधारात फिरल्यावर एकदम वर बघायला मिळालं तर बरं वाटतं. तेही खोटं नाही.

तर अल्हाम्ब्राशी तुलना. तो राजवाडा आहे, त्याचे मुख्य महाल चौदाव्या शतकातले. दोन्हींत जवळजवळ सहाशे वर्षांचं अंतर आहे. तिथं भिंतीजवळ जाऊन चुन्यातलं कोरीवकाम बघायचं, इथं मागं सरून अख्खी जागा बघायची. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. (अल्हाम्ब्राची तिकिटं काढली नसतील तर हे वाचायचं थांबवून आधी ती काढा. पासपोर्ट नंबर लागतो आणि आयत्या वेळी मिळत नाहीत.)

आता प्रवास. ग्रानादाहून कोर्दोबा जलद गाडीने दीडेक तास, तिथून सेव्हिल पाऊण तास. म्हणजे कोर्दोबा वाटेवरच पडतं. सेव्हिलला जाऊन परत मागं येण्यापेक्षा वाटेत उतरणं सोपं. स्टेशनवरून जुन्या शहरात चालत वीस-पंचवीस मिनिटं, पण आई-बाबांसाठी टॅक्सीच करा. जुन्या गल्ल्यांत नदीतले गोटे उभे बसवलेत, त्यावर चाकांची बॅग आणि गुडघे दोन्ही कुरकुरतात. बूट जाड तळव्याचे घाला.

खाण्याची काळजी करू नका, थोडी सावधगिरी मात्र हवी. सालमोरेहो म्हणजे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल वाटून केलेलं थंडगार दाट सार. मूळ पदार्थ पूर्ण शाकाहारी, पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे भुरभुरतात. तिथले कित्येक वेटर हॅम मांसात धरतच नाहीत. त्यामुळे नुसतं शाकाहारी आहोत म्हणून भागत नाही, "सिन खामोन, सिन उएवो" असं, हॅम नको, अंडं नको, स्पष्ट सांगायचं. दुसरी बेरेनहेनास कोन मिएल. वांग्याचे काप तळून वर मध, असं मेनूत वाचलं तेव्हा आईने नाक मुरडलं होतं. बशी आली. कुरकुरीत काप, वर काळसर पाकाची रेघ. आईने बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही तर काकवी!" खरंच काकवी होती. नाव मधाचं, पण ही मिएल दे कान्या, उसाची. ऊस अरबांनीच ग्रानादा-मालगाच्या किनाऱ्यावर नेला. आम्ही आणखी दोन बश्या मागवल्या. फक्त तळणीचं तेल वेगळं असतं का, हे विचारून घ्या. त्याच कढईत डुकराच्या मांसाचा फ्लामेनकीन तळत असतील तर आई-बाबांना चालणार नाही. सेव्हिलला गेल्यावर एस्पिनाकास कोन गार्बान्सोस मागवा, पालक आणि काबुली चणे, वर जिऱ्याचा वास. घरचंच वाटतं.

रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळणं कठीण. आम्ही दुपारी अडीचला दणकून जेवलो, झोपलो, आणि सहाला बाहेर पडलो. तेव्हा सहलीच्या बसेस निघून गेलेल्या असतात. रोमन पुलावरून पलीकडच्या कालाओरा बुरुजापर्यंत जा आणि मागं वळून बघा. पुलाच्या मध्यावर सान राफाएलची मूर्ती आहे, तिच्यापुढं लोक मेणबत्त्या लावतात. खाली नदीकाठी मोठा जुना रहाट दिसेल. त्याच्या कुरकुरीने राणी इसाबेलाची झोपमोड व्हायची म्हणून तिने तो काढायला लावला, अशी गोष्ट सांगतात.

यहुदी वस्तीतलं सिनेगॉग १३१५ चं, एकच खोली, दहा मिनिटांत होतं. किल्ल्याच्या बागा छान, आतून फार काही नाही. फुलांच्या अंगणांचा उत्सव मेमध्ये असतो, तुम्हाला मिळणार नाही. पण वियाना वाड्यात बारा अंगणं एकापाठोपाठ आहेत. रस्त्याकडे बंद भिंत आणि आत चौक, हे पुण्या-नाशिकच्या वाड्यात वाढलेल्या बाबांना समजावून सांगावं लागलं नाही. मदीना असाहरा शहराबाहेर आठ किलोमीटरवर. बस जाते, पण अवशेषांत सावली नाही आणि अर्धा दिवस मोडतो. एका रात्रीच्या मुक्कामात मी तरी तिथं जाणार नाही.

एक शेवटचं, बाबांना आधीच सांगून ठेवा. मेस्किताच्या भिंतीलगत काही बायका हसत येऊन हातात रोझमेरीची काडी देतात. ती भेट नसते. माझ्या बाबांनी प्रसाद दिल्यासारखी दोन्ही हातांनी घेतली, तिने लगेच तळहात धरून भविष्य सांगायला सुरुवात केली, स्पॅनिशमध्ये, आणि पाच युरो गेले.