टॅरोचा पहिला डेक एआयने बनवलेला घेतला तर चालेल का?

तुम्ही टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून अर्थ लावणं, शिकायला सुरुवात करताय, एआयने चित्रं बनवलेला एक डेक (पत्त्यांचा संच) स्वस्तात मिळतोय आणि दिसायलाही सुरेख आहे, तर घ्यावा का, असं विचारलंय. पहिला डेक म्हणून अजिबात घेऊ नका.

मी गेली नऊ वर्षं रोज सकाळी एक पत्ता काढते. दोन वर्षांपूर्वी असाच एक डेक ऑनलाइन मागवला. सोनेरी कडा, जाड कागद, रंग बघत राहावेत असे. तिसऱ्याच दिवशी फाइव्ह ऑफ कप्स, म्हणजे पाच पेल्यांचा पत्ता, निघाला. काळ्या झग्यातला माणूस, पुढ्यात सांडलेले पेले. मोजले तर सात! एका पेल्याचा कान हवेतच संपलेला. मूळ चित्रात तीन पेले सांडलेत आणि दोन त्या माणसाच्या पाठीमागे धड उभे आहेत, त्याचं तिकडे लक्षच नाही. सगळा अर्थ त्या दोन पेल्यांत आहे. माझ्या पत्त्यात त्याच्या मागे नुसतं धुकं होतं. मी वाचणार काय?

ते मूळ चित्र पामेला कोलमन स्मिथ यांचं. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी १९०९ साली तो डेक काढला. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेलांची, आणि नाव रूढ झालं ते ‘रायडर-वेट’. मला याचा आजही राग येतो. त्याआधी दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पत्त्यांवर बहुतेक नुसती चिन्हं मांडलेली असत, आपल्या खेळायच्या पत्त्यांसारखी. पंधराव्या शतकातला इटलीचा सोला बुस्का डेक हा अपवाद. पामेलांनी त्या प्रत्येक पत्त्यावर प्रसंग उभा केला. एट ऑफ कप्स बघा: खाली पाच पेले, वर तीन, आणि वरच्या रांगेत मधेच एक जागा मोकळी. पाठ फिरवून निघालेला माणूस का निघालाय, ते त्या मोकळ्या जागेवरून कळतं. ती जागा कुणीतरी विचार करून मोकळी सोडली आहे.

मशीन कोट्यवधी चित्रांवरून शिकतं की पेल्याशेजारी बहुधा पेला असतो, झग्याला घड्या असतात. पेले पाचच का, हा प्रश्न त्याला पडत नाही. हल्लीची साधनं आकडा बरा सांभाळतात, मान्य. पण आकडा जुळला तरी कोपऱ्यातलं फूल तिथे का आहे, याला उत्तर नसतं, आणि टॅरो वाचताना आपण नेमकं तेच विचारत असतो.

गंजिफा ठाऊक असेल तर हे लगेच पटेल. सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफा हाताने रंगवतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, एकूण १२० गोल पत्ते. तिथे एक चिन्ह जास्त पडलं तर डावच मोडेल.

पैशांचंही सांगते. काम संपल्यावर पामेलांनी एका पत्रात लिहिलं होतं की मोठं काम झालं, पैसे मात्र फार थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी त्या कर्जात असतानाच वारल्या. त्यांची चित्रं आज भारतात कॉपीराइटमुक्त आहेत, कुणीही वापरावीत. पण आज हयात असलेल्या चित्रकारांचं कामही न विचारता या मशीनना पुरवलं गेलं, म्हणून काहींनी जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. स्वस्त डेक कुणाच्या जिवावर स्वस्त आहे, ते मला डोळ्यांआड करता येत नाही.

तेव्हा आधी पामेलांचाच डेक घ्या. साधी आवृत्तीही चालेल. चित्राच्या खालच्या बाजूला नागमोडी अक्षरांत त्यांची सही शोधा, एकदा दिसली की पत्त्यामागून पत्त्यावर दिसत जाईल. पुढे दुसरा डेक आवडला तर चित्रकाराचं नाव विचारा. आणि मागवण्याआधी विक्रेत्याकडून फाइव्ह ऑफ कप्स आणि एट ऑफ कप्सचे फोटो मागवून पेले मोजा.