सिम्पायमध्ये (पायथनची चिन्हांनी गणित करणारी लायब्ररी) १/एक्सची शून्यापाशी लिमिट अनंत येते, पुस्तकात मात्र ‘अस्तित्वात नाही’ असं आहे. हा बग आहे का?

बग नाही. लिमिट फंक्शनला दिशा सांगितली नाही, तर ते उजवीकडूनच शून्याकडे जातं. फलन, चल आणि बिंदू यांच्यानंतरचा चौथा आर्ग्युमेंट दिशेचा. तो गाळला की अधिक चिन्ह गृहीत धरलं जातं. तिथे अवतरणात वजा चिन्ह टाकून बघा, उणे अनंत येईल. पुस्तकातली लिमिट दोन्ही बाजूंची असते. तिच्यासाठी एकाच अवतरणात आधी अधिक, मग वजा अशी दोन्ही चिन्हं द्या. १/एक्सला सिम्पाय ‘zoo’ देईल, म्हणजे अधिक-वजा ठरत नसलेलं अनंत; दोन बाजू जुळत नाहीत, म्हणूनच पुस्तकात ‘अस्तित्वात नाही’.

अनंत आलं म्हणून तुम्हाला शंका तरी आली. |एक्स|/एक्स दिलं असतं तर, डावीकडून उणे १ येत असूनही, १ असं साधंसुधं उत्तर आलं असतं आणि कुणी दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं.

एकाच बाजूने जाणं हे त्यामागच्या पद्धतीतच आहे. डोमिनिक ग्रुंट्झ यांनी १९९६ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात पीएचडीच्या प्रबंधात मांडलेला अल्गोरिदम सिम्पाय वापरतं. तो एक्सच्या जागी १/झेड घालतो आणि झेडला अनंताकडे नेतो. झेड धन, म्हणजे १/झेडही धन; आपण आपोआप शून्याच्या उजवीकडे! मग राशीतला सगळ्यात वेगाने बदलणारा भाग हुडकून त्याच्या श्रेणीत ती राशी मांडायची आणि पहिलं पद बघायचं.

‘एवढं कशाला, बारीकशी संख्या घालून बघू’ असं वाटत असेल, तर (१ − कॉस एक्स)/एक्स² घ्या. लिमिट १/२ आहे. पण साध्या पायथनमध्ये एक्स = ०.००००००१ च्याही दसपट लहान, म्हणजे दहाचा उणे आठवा घात ठेवलात, तर उत्तर चक्क शून्य. तिथे कॉसची किंमत दशांशांत मावेनाशी होऊन बरोबर १ धरली जाते आणि अंशच उडतो. सिम्पाय १/२ देतं, तेही अपूर्णांकात.

जाता जाता एक. ई चा उणे एएक्स (ए गुणिले एक्स) घात घेऊन एक्स अनंताकडे नेलात, तर ‘उत्तर ए च्या चिन्हावर अवलंबून आहे’ अशा अर्थाचा एरर येतो. तक्रार रास्तच आहे. ए चा सिम्बॉल बनवतानाच पॉझिटिव्ह बरोबर ट्रू (positive=True) लिहा, शून्य मिळेल.