जळजळ थांबली म्हणून क्लॅमिडिया गेला असं नाही

तुझे प्रश्न दोन. मैत्रिणीच्या तपासणीत क्लॅमिडिया, म्हणजे शरीरसंबंधातून लागणारा जंतूचा आजार, निघाला, तुला मात्र आता काहीच त्रास नाही, मग गोळ्या घ्यायच्या का? आणि हे दुखणं आणलं कुणी?

गोळ्या घ्यायच्याच. मार्चमध्ये लघवीला जळजळ होती, उन्हाळी लागली म्हणून सब्जा प्यायलो आणि मित्रानं सांगितलेल्या चार गोळ्या घेतल्या, असं तूच लिहिलंयस. अरे, उन्हाळीनं जळजळ होते, पण सकाळी चड्डीला पांढरट डाग पडत नाहीत. मिरजेत माझं वीस वर्षं मेडिकल होतं. अशी पोरं गर्दी ओसरेपर्यंत बाहेर मोबाइल बघत उभी राहायची, आत येऊन आधी साबण मागायची आणि सुटे पैसे घेताना हळूच खरं बोलायची. मीही कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या हातावर ठेवल्यात. आज लाज वाटते. जळजळ थांबते, जंतू आत तसाच राहू शकतो.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना हा जिवाणू काहीच त्रास देत नाही, महिनोन्‌महिने गप्प बसतो. रिपोर्टवरची तारीख तपासणीची असते, लागण झाल्याची नव्हे. तिचं आधीचं, तुझं आधीचं, कुठूनही आलं असेल. त्यावर भांडत बसलात आणि औषध लांबलं तर सूज वर चढून तिच्या गर्भनलिका खराब होऊ शकतात, पुढं मूल राहायला अडचण येते.

स्टँडजवळच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातवाल्याकडं जाऊ नको. सांगलीच्या सिव्हिलमध्ये सुरक्षा क्लिनिक, म्हणजे असल्या आजारांचा सरकारी दवाखाना, विचार, नाहीतर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन कर, दोन्ही फुकट. तपासणीला लघवीची पहिली धार लागते, म्हणून आधी तासभर लघवी करू नको. त्याच वेळी एचआयव्ही आणि गरमीचीही (सिफिलिसची) तपासणी करून घे. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन देतील, १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घे आणि लगेच आडवा होऊ नको, छातीत जळजळतं. उन्हात कातडी भाजते, टोपी घाल.

दोघांनी एकाच आठवड्यात औषध घ्या. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नको, नाहीतर ती बरी होणार आणि तू तिला परत देणार. ३ महिन्यांनी दोघांचीही पुन्हा तपासणी.

आणि तिची पाळी चुकली असेल तर तिनं डॉक्टरांना आधी सांगावं. गरोदरपणात डॉक्सी देत नाहीत, तिला दुसरी गोळी मिळेल.